दिवाळी ते पोळा : हाताने बांधलेला ५ई३ ट्यूब ॲम्प वापरून

फेंडरच्या १९५० च्या दशकातल्या ट्वीड डीलक्स या गिटार ॲम्पचं ५ई३ सर्किट मी जळगावात घरीच बांधलं. दिवाळीत पहिल्यांदा चालू केलं, आता पोळा तोंडावर आलाय. मधल्या काळात लग्नसराईतले ऑर्केस्ट्रा झाले, मे महिन्याचं ऊन झालं, शेतीपंपांच्या वेळचं पडकं व्होल्टेजही झालं. माझं मत आता पक्कं आहे : पैसे घालायचेच असतील तर ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कपॅसिटर (डीसी व्होल्टेज गुळगुळीत करणारे) आणि ट्यूबच्या सॉकेटमध्ये घाला. एका ट्यूबकडून पुढच्या ट्यूबकडे सिग्नल नेणाऱ्या महागड्या कपलिंग कपॅसिटरच्या नादी नंतर लागलं तरी चालतं.

सगळ्यात मोठा खर्च ट्रान्सफॉर्मरवर केला आणि तो वसूल झाला. पॉवर ट्रान्सफॉर्मरला २२० आणि २४० व्होल्टसाठी असे दोन टॅप (जोडणीचे फाटे) काढून घेतले, मागच्या पट्टीवर निवडायचा स्विच बसवला. रात्री उशिरा आमच्याकडे मीटर २५० दाखवतो. ट्रान्सफॉर्मर फक्त २३० साठी बांधलेला असता तर ट्यूब तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर तेव्हा ६.८५ वर गेला असता, म्हणजे १० टक्क्यांच्या मर्यादेजवळ. २४० च्या टॅपवर तोच ६.५६ राहतो. संध्याकाळी लाइन २०५ वर आली की ॲम्प बंद करून २२० चा टॅप घ्यायचा. बाहेरचा स्टॅबिलायझर मी लावलेला नाही.

या डिझाइनमध्ये चासी (सगळं सर्किट बसवलेली धातूची पेटी) वर असते आणि ट्यूब खाली लटकतात. त्यामुळे ट्यूबची धग थेट चासीकडे, म्हणजे कपॅसिटरकडे चढते. बाहेर ४५ अंश असताना आतलं काय होत असेल! म्हणून फिल्टर कपॅसिटर ८५ अंशांपर्यंतचे न घेता १०५ अंशांपर्यंत चालणारे घेतले. तापमान १० अंशांनी कमी-जास्त झालं की अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण दुप्पट किंवा निम्मं होतं, हा हिशोब खान्देशात तरी विसरू नये. उन्हाळा निघाला, एकही फुगलेला नाही. सुरुवातीला लावलेल्या स्वस्त प्लॅस्टिक सॉकेटांनी मात्र एप्रिलमध्येच दगा दिला. पिनांची पकड सैल झाली आणि ६व्ही६ ही आउटपुट ट्यूब जरा हलली की कडकड. सिरॅमिक सॉकेट टाकले, तेव्हापासून शांत आहे.

आवाजाबद्दल किती लिहू! दोन ६व्ही६, कॅथोड बायस (ट्यूबचा करंट कॅथोडवरच्या रेझिस्टरने ठरतो), निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे देऊन आवाज साफ करणं) नाही, ताकद १५ वॅटच्या आतबाहेर. व्हॉल्यूम निम्म्याखाली ठेवला तर अहिराणी गाण्यांच्या साथीला लागणारा स्वच्छ, गोल सूर मिळतो. त्यापुढे कॉर्ड जोरात मारली की ५वाय३ रेक्टिफायरचं (एसीचं डीसी करणाऱ्या ट्यूबचं) व्होल्टेज क्षणभर खाली बसतं, सूर दबतो आणि मग हळूहळू फुलत वर येतो. बोटांचा जोर असा ऐकू येतो की वाजवायची पद्धतच बदलते. ॲम्पला दोन चॅनल आहेत; न वापरलेल्या चॅनलचा व्हॉल्यूम फिरवला तरी वापरातल्या चॅनलचा टोन बदलतो. टोनचा नॉब एकच आहे, पण या दोन व्हॉल्यूमच्या जोडीमुळे कधी कमी वाटला नाही.

गिटारचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या प्रीॲम्प ट्यूबपैकी पहिल्या जागी मूळचीच १२एवाय७ ठेवली आहे. तिथे १२एएक्स७ लावली तर गेन (सिग्नलची वाढ) बराच वाढतो आणि ॲम्पचा आवाज लवकर फाटतो. लग्नाच्या मांडवात ते नको. दुसऱ्या जागी भुसावळच्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककाकांच्या डब्यात सापडलेली बीईएलची (भारत इलेक्ट्रॉनिक्सची) ईसीसी८३ बसवली, म्हणजे १२एएक्स७ च. काचेवरची अक्षरं अर्धी पुसलेली, पण चालते झकास.

ट्यूबच्या प्लेटला जोडलेले १०० के (१०० किलोओहम) रेझिस्टर जुन्या पद्धतीच्या कार्बन कॉम्पोझिशनऐवजी मेटल फिल्म घेतले. पावसाळ्याच्या दमट हवेतही हिस (सूं असा आवाज) वाढलेला नाही. हम (घुमणारा गुंगगुंग आवाज) येत असेल तर आधी कान देऊन ऐका : ५० हर्ट्झचा असेल तर हीटरच्या वायरी आणि अर्थिंग बघा, १०० चा असेल तर फिल्टर. माझा ५० चा होता. हीटरच्या वायरी घट्ट पिळून चासीच्या कडेने नेल्यावर गेला.

बांधणाऱ्यांनी एवढं नक्की पाळा. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ३५० व्होल्टच्या वर चार्ज उरू शकतो; रेझिस्टरने उतरवून, मीटरवर शून्याजवळ आल्याचं बघूनच आत हात घाला. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि अमेरिकन सर्किटवरचा फ्यूजचा आकडा इथे तसाच लावू नका, कारण २३० वर मेनचा करंट साधारण निम्मा असतो.