समोरची टाकी झाकायची: मधुमालती, बोगनवेल की कर्टन क्रीपर?

वेल निवडताना आपण फूल बघतो आणि तिथेच फसतो. फुलं येतात तेव्हा येतात; नको ते झाकायचं काम बाराही महिने पानांनाच करावं लागतं. म्हणून समोर पाण्याची टाकी असो, पत्र्याची शेड असो की कळकट भिंत, आधी विचारायचं ते हे: वेल खालपासून वरपर्यंत दाट राहील का?

त्याहीआधी मोजपट्टी काढा. खुर्चीत बसल्यावर डोळे साधारण १.२ मीटरवर असतात. १२ मीटर अंतरावरची टाकी ४.२ मीटर उंच असेल, तर तिच्यापाशी तेवढाच उंच पडदा लागेल. पण तोच पडदा खुर्चीपासून ३ मीटरवर उभारला, तर २ मीटरांत भागतं. कित्येकदा वेल वाढायची वाट बघण्यापेक्षा जाळी जवळ आणणं सोपं पडतं.

ऊन भरपूर असेल आणि वेल जमिनीतून वर न्यायची असेल, तर माझं मत मधुमालतीला. वाढ झपाट्याची, पान दाट, आणि पांढरी उमलून गुलाबी, मग लाल होत जाणारी सुवासिक फुलं. खोड तिची मोठी आहे: सगळा भार वर चढतो आणि खाली नुसत्या काटक्या उरतात. म्हणजे टाकीचा माथा झाकला जातो, पाय उघडेच! यावर उपाय सुरुवातीलाच करायचा. कोवळ्या फांद्या सरळ वर जाऊ न देता जाळीवर आडव्या बांधायच्या. आडव्या फांदीला पेरापेरावर फुटवे येतात. बहर ओसरला की न कचरता छाटायची. मुळांपासून दूरवर धुमारे निघतात, तेही काढत राहावं लागतं. कडक थंडीत पानं गळतात, हे मात्र गृहीत धरा.

बोगनवेल स्वतः चढत नाही. तिला ना ताणे, ना चिकटणारी मुळं, फक्त काटे. दर थोड्या दिवसांनी बांधणं आलं, तेही हातमोजे घालून. पाणी जास्त झालं की फुलं कमी आणि पानं जास्त, अशी तिची तक्रार सगळे करतात. पडद्यासाठी ती तक्रार आपल्या पथ्यावरच पडते. सावलीत ती नको, आणि येण्याजाण्याच्या वाटेला लागून तर नकोच.

कर्टन क्रीपरचा हिशेब उलटा. ती वर चढवायची नसते, वरून सोडायची असते. गच्चीचा कठडा किंवा उंच बाल्कनी असेल, तर तिच्यासारखा पडदा नाही: काटे नाहीत, पान हिरवंगार, लांबच लांब मऊ फांद्या. फुलांची हौस असेल तर निराशा होईल. आणि वर कुंडी ठेवायला जागाच नसेल, तर तिचा विचार सोडा.

संक्रांतवेल ताण्यांनी जाळी घट्ट धरते आणि थंडीत नारिंगी फुलांनी लगडते. मात्र जुनी झाली की भार बराच होतो, तकलादू बांबूवर चढवू नका. कृष्णकमळ वेगाने पसरतं. माझ्याकडेही छान पसरलं होतं, पण एकदा फुलपाखराच्या काटेरी अळ्यांनी इतकं फस्त केलं की नुसते देठ राहिले. फुलपाखरं आली याचा आनंद होता, टाकी पुन्हा दिसू लागली याचा नव्हता. गोकर्ण एकटीने पडदा होत नाही. मुख्य वेल भरेपर्यंत तिच्या पायथ्याशी लावली, तर खालची उघडी जागा भरून काढते.

कोणतीही वेल घ्या, आधार ती भरल्यावरच्या वजनाचा करा. भिजलेल्या दाट पानांत वारा शिडात भरावा तसा भरतो आणि हलके खांब कलतात. भिंतीपुढे जाळी लावत असाल, तर मध्ये निदान वीतभर फट ठेवा, म्हणजे छाटणीची कात्री घेऊन हात आत जाईल.