पुढचा भाग नाहीच: ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन: आइनक्राड’

सुरुवातीलाच सांगते, या मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, दुसरा भाग येणार नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या वाचनालयातून हे पुस्तक नेणारं जवळजवळ प्रत्येक पोर परत देताना म्हणतं, ‘काकू, पुढचा आला की माझ्यासाठी ठेवा हं.’ आई-वडीलही तेच विचारतात.

मूळ जपानी दोन खंड इंग्रजीत एकाच जाड पुस्तकात मिळतात. चित्रं तामाको नाकामुरा यांची, ज्या कादंबरीवरून तो काढला ती रेकी कावाहारा यांची, 2009 साली आलेली. दहा हजार माणसं एका ऑनलाइन गेममध्ये अडकतात. तिथे मेलात तर खरोखर मेलात, आणि सुटायचं तर आइनक्राड नावाचा शंभर मजल्यांचा तरंगता किल्ला सर करायचा. आठवीतलं पोर ताटावरून उठून वाचत बसेल अशी गोष्ट.

पण मंगा नुसता धावतो. तशी मूळ कादंबरीच सुरुवातीच्या दिवसांवरून थेट दोन वर्षांनंतरच्या चौऱ्याहत्तराव्या मजल्यावर उडी घेते. तिथे निदान नायक किरितोच्या मनात काय चाललंय ते कळतं, म्हणून उडी खटकत नाही. चित्रांत ते मन आटतं. लढायांची पानं इतकी गच्च की कोण कोणाला मारतंय हे पुन्हा मागे जाऊन बघावं लागतं. किरितो आणि त्याची जोडीदार असुना यांचे शांत प्रसंग मात्र छान उतरलेत. त्यांचे चेहरे बोलतात.

आता एवढ्यात का संपला? हा मंगा तेव्हा दर दोन महिन्यांनी निघणाऱ्या ‘देंगेकी बुन्को मॅगझिन’मध्ये 2010 ते 2012 चालला. कादंबऱ्याही त्याच प्रकाशनाच्या. जुलै 2012 मध्ये अॅनिमे, म्हणजे याच गोष्टीची कार्टून मालिका, टीव्हीवर आलं. म्हणजे मंगाचं काम काय, तर लोकांना कादंबरीकडे वळवायचं. सांगलीत दुकानदार चाखायला भडंगाची चिमूट देतो, त्यावर पोट भरायचं नसतं, पुडा घ्यायचा असतो. एरवीही कुठल्याही गोष्टीचं अॅनिमे चालू असतं तोवर सगळंच खपतं. ते थंडावलं की मंगाच्या खंडांची विक्री बसते आणि संपादक मासिकातली पानं दुसऱ्या गोष्टीला देतो.

दुसरी अडचण वेगाची. लेखक एका वाक्यात किल्ला उभा करतो, चित्रकाराला त्याची वीट न् वीट काढावी लागते. एका कादंबरीचे सहज दोन-चार मंगा खंड होतात. चित्रकार दुसरी कादंबरी संपवेपर्यंत लेखक कुठल्या कुठे गेलेला असतो. ही मालिका तर पंचविसाच्या पुढे गेली आहे! शिवाय रॉयल्टी लेखकाबरोबर वाटून घ्यायची, मग स्वतःची गोष्ट काढायची संधी मिळाली तर चित्रकार तरी का थांबेल?

कधी कधी मात्र ‘संपला’ म्हणजे नुसता हात बदललेला असतो. आइनक्राडनंतरचं ‘फेअरी डान्स’ त्सुबासा हाझुकी यांनी तीन खंडांत वेगळं काढलं. किल्ल्याची गोष्ट पहिल्या मजल्यापासून सविस्तर सांगणारं ‘प्रोग्रेसिव्ह’ किसेकी हिमुरा यांनी सात खंड चालवलं, पुढचा भाग वेगळ्या उपशीर्षकाने दुसऱ्या चित्रकाराकडे गेला. मुलं खंडावर आठवा आकडा शोधत बसतात, तो सापडणार कसा? दुसऱ्या कादंबरी-मालिकांचंही तसंच: ‘हारुही सुझुमिया’चा पहिला मंगा 2004 मध्ये एका खंडात गुंडाळला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या चित्रकाराने सुरू केलेला वीस खंड चालला. ‘स्पाइस अँड वुल्फ’ तर एकट्या केइतो कोउमे यांनी सोळा खंडांपर्यंत नेला. म्हणजे नेता येतो, पण खप आणि चित्रकाराचा दम दोन्ही टिकावे लागतात.

पुस्तक म्हणून तक्रार नाही. कागद बरा आहे, इतक्या हातांतून फिरूनही पानं सुटलेली नाहीत. उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. मुलांना ते पाठ आहे, आजोबा मंडळी शेवटच्या पानापासून सुरू करतात आणि गोष्ट उलटी लागते म्हणून माझ्यावर वैतागतात.

पाचपैकी तीन. अॅनिमे पाहून झालं असेल तर विकत घेऊ नका, यात नवं काही नाही. अॅनिमे पाहिलेलं नसेल आणि मूल इंग्रजी कादंबरीला बिचकत असेल तर जरूर द्या, पण पहिली कादंबरी त्याच वेळी मागवून ठेवा. दुसरीत त्याच किल्ल्यातल्या लहान लहान गोष्टी आहेत. माझ्या मते या मालिकेतलं सगळ्यात गोड पुस्तक तेच.