‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे काय? लाँगमनची ऑनलाइन डिक्शनरी वापरून बघा

दिवसभर दुसऱ्यांची इंग्रजी पत्रं आणि मेल तपासणं हे माझं काम. लाल पेन सगळ्यात जास्त फिरतं ते शेवटच्या ओळीवर: ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. अख्खं पत्र चोख आणि निरोप घेताना ठेच! डोक्यात ‘भेटायला उत्सुक आहे’ असतं, आणि ‘भेटायला’ म्हटलं की हात आपसूक ‘टू मीट’ लिहून जातो.

अशांना मी लाँगमनची इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी (‘लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश’) उघडायला लावते. छापील पहिली आवृत्ती 1978 ची. आता ऑनलाइन फुकट बघता येते. शिकणाऱ्यांसाठीच केलेली, त्यामुळे अर्थ साधारण 2000 सोप्या शब्दांतच सांगितलेले. मला ती आवडते मांडणीसाठी. ‘लुक फॉरवर्ड टू’खाली वापराचा साचाच दिलेला आहे: ‘टू’पुढे ‘डूइंग समथिंग’. म्हणजे हा ‘टू’ ‘आय वॉन्ट टू गो’मधला नव्हे, ‘टू द ऑफिस’मधला. शंका आली तर पुढे नाम ठेवून बघा. ‘युअर रिप्लाय’ चपखल बसतं ना? मग क्रियापदही आयएनजी लावूनच येणार: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’.

हीच परीक्षा ‘यूज्ड टू’ला लावा. ‘आय यूज्ड टू वर्क अ‍ॅट नाइट’ म्हणजे पूर्वी रात्री काम करायचे, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वर्किंग अ‍ॅट नाइट’ म्हणजे रात्रीच्या कामाची सवय आहे. नोकरीच्या अर्जात यांची अदलाबदल झाली तर झालंच कल्याण.

दुहेरी बाणाची खूणही कामाची. ‘लुक अप’मध्ये (म्हणजे शब्द शोधून बघणं) ती दिसली की समजायचं, नाम मध्ये घातलं तरी चालतं, शेवटी घातलं तरी चालतं. ‘इट’ मात्र मध्येच: ‘लुक इट अप’.

व्याकरण तपासणारी अ‍ॅप्स चूक दुरुस्त करून देतात, नाही असं नाही. पण माणूस ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबून मोकळा होतो आणि पुढच्या मेलमध्ये पुन्हा ‘टू मीट’ हजर.

खटकणारी गोष्ट एकच. ‘लुक’चं पान मारुतीच्या शेपटासारखं लांब, आणि फ्रेजल व्हर्ब, म्हणजे ‘लुक अप’सारखी जोडून येणारी क्रियापदं, पार तळाशी. म्हणून सर्चमध्ये अख्खा शब्दसमूहच टाका. पाचपैकी साडेचार.