स्क्रब टायफस आयजीएम एलायझा किट: चांगलं आहे, पण प्रत्येक लॅबसाठी नाही

2018च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची (माइट किड्याच्या अळ्या चावल्याने होणारा, ओरिएन्शिया जंतूमुळे येणारा ताप) साथ आली, तेव्हापासून विदर्भातल्या लॅबमध्ये इनबायोस कंपनीच्या आयजीएम एलायझा किटची चौकशी होते. संसर्गानंतर लवकर तयार होणारी आयजीएम प्रतिपिंडं हे किट रंगाच्या तीव्रतेवरून ओळखतं. तोवर बहुतेक ठिकाणी भिस्त होती ती वाईल-फेलिक्स या जुन्या रक्ततपासणीवर. ती टेस्ट स्वस्त आहे आणि तिला रंग मोजणारं यंत्र, म्हणजे रीडर, लागत नाही. पण तिच्यात ओरिएन्शिया जंतूचा स्वतःचा एकही अँटीजेन (प्रतिपिंडं ज्याला चिकटतात तो भाग) नसतो. प्रोटियस या वेगळ्याच जंतूच्या ओएक्स-के स्ट्रेनशी होणाऱ्या योगायोगाच्या साधर्म्यावर सगळा निकाल उभा राहतो. त्यामुळे खरे रुग्ण निसटतात, आणि प्रोटियसमुळे लघवीचा संसर्ग झालेला माणूस उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो.

या किटच्या वेलवर (प्लेटमधल्या छोट्या खळगीवर) ओरिएन्शियाच्या 56 केडीए (किलोडाल्टन) प्रथिनाचा रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुकीय तंत्राने बनवलेला, अँटीजेन बसवलेला असतो. जिवंत जंतू वाढवायला बीएसएल-3, म्हणजे कडक जैवसुरक्षेची, लॅब लागते. इथे ती अडचण नाही, हा मोठा फायदा.

पद्धत सोपी आहे. 4 मायक्रोलिटर सीरम 396 मायक्रोलिटर डायल्युएंटमध्ये मिसळलं की 1:100 होतं. त्यातलं 100 मायक्रोलिटर वेलमध्ये घालून प्लेट 37 अंशांवर 30 मिनिटं ठेवायची. मग वॉश, काँज्युगेट (पेरॉक्सिडेज एन्झाइम जोडलेलं प्रतिपिंड), पुन्हा 37 अंशांवर 30 मिनिटं, पुन्हा वॉश. शेवटी अंधारात टीएमबी (एन्झाइममुळे निळं होणारं रंगद्रव्य), त्यावर स्टॉप सोल्यूशन, आणि 450 नॅनोमीटरवर रीडिंग.

बिघडतं ते बहुतेक वॉशमध्येच. प्लेट टिश्यूवर नीट आपटली नाही तर थेंब मागे राहतात आणि निगेटिव्ह कंट्रोलचाही (प्रतिपिंडं नसल्याची खात्री असलेल्या नमुन्याचाही) ओडी, म्हणजे रीडरवरचा रंगाच्या तीव्रतेचा आकडा, चढतो. फ्रीजमधून काढलेली स्ट्रिप गार असतानाच वापरली किंवा प्लेटवर सील लावलं नाही, तर कडेच्या वेलचे आकडे मधल्यांशी जुळत नाहीत. टीएमबी बाटलीतच निळसर दिसलं तर टाकून द्या. बफरमध्ये सोडियम अझाइड घालायचा मोह टाळा, ते काँज्युगेटमधलं पेरॉक्सिडेज निकामी करतं. टीएमबी ज्या क्रमाने घातलं त्याच क्रमाने स्टॉप घाला.

कट-ऑफवर, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणाऱ्या सीमेवर, सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये 0.5 पेक्षा जास्त ओडी पॉझिटिव्ह धरलेला आहे. तो आकडा सुरुवातीला ठीक, पण आपल्या भागातल्या निरोगी लोकांची सीरम चालवून स्वतःचा कट-ऑफ ठरवणं जास्त खात्रीचं. आयजीएम काही महिने रक्तात टिकतं, म्हणून साथीच्या पट्ट्यात जुना संसर्ग आजच्या तापाचं कारण म्हणून रिपोर्टवर येऊ शकतो. उलट, तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह आल्याने काहीच सिद्ध होत नाही. तेव्हा चाव्याच्या जागी आलेल्या काळ्या खपलीचं किंवा रक्ताचं पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट), नाहीतर दहा-पंधरा दिवसांनी दुसरा नमुना.

खर्चाचा हिशोब वेलमध्ये करा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल दोन-दोनदा लावले की 8 वेलच्या स्ट्रिपमध्ये रुग्णांसाठी चारच वेल उरतात. आठवड्याला दोन सॅम्पल येणाऱ्या लॅबला हे परवडत नाही, आणि नमुने साठवत बसलं तर रिपोर्ट लांबतो. तिथे रॅपिड कार्ड (यंत्राशिवाय झटपट निकाल देणारी टेस्ट) किंवा जिल्ह्याच्या लॅबला नमुना पाठवणं बरं. रोज पंधरा-वीस सॅम्पल येणाऱ्या लॅबने मात्र हे किट जरूर घ्यावं.

रिपोर्टखाली एक ओळ छापून ठेवा: संशय असेल तर डॉक्सीसायक्लिन (या आजारावरचं प्रतिजैविक) सुरू करायला या निकालाची वाट पाहू नये.