सापळ्याच्या वाटेवर गमबूट की चामडी बूट?

कोल्ह्या-लांडग्यांसाठी परवानगीने सापळे लावणाऱ्या एका नवशिक्याला बुटांची निवड सुचेना, म्हणून ही तुलना.

मुख्य निकष वासाचा, कारण माणसाचा अनोळखी वास आला की सावध जनावर सापळ्याजवळ फिरकत नाही. चामडे सच्छिद्र असल्यामुळे घाम, तेल आणि धूर शोषून घेते व ते वास दीर्घकाळ सोडत राहते. रबराला छिद्रे नसल्याने गमबूट बिनवासाच्या साबणाने धुऊन उन्हात वाळवला की बाहेरून बराच निर्गंध होतो. मात्र नव्या रबराला स्वतःचा उग्र वास असतो, तेव्हा तो आधी काही दिवस उघड्यावर ठेवावा. शिवाय इंधन भरताना तळव्याला लागलेला पेट्रोलचा थेंब कोणत्याही बुटाचा लाभ घालवतो. म्हणून सापळ्याचे बूट वेगळे ठेवून जागेवर पोहोचल्यावरच घालावेत. ‘गंधरोधक’ ही जाहिरात विसरावी, कारण हात, गुडघे आणि श्वास यांचा वास बुटाने थांबत नाही.

सोयीत चामडे सरस ठरते: चढावर घोटा सावरते, पाय कमी घामेजतो आणि तळवा बदलून वर्षानुवर्षे वापरता येते. गमबूट काट्याने फाटतो, पण ओढ्यात उतरायला तोच बरा.

माणसांची रोजची वर्दळ असलेल्या शेताच्या बांधावर प्राण्यांना आपला वास परिचित असतो, तिथे स्वच्छ चामडी बूट चालतील. निर्जन भागात, ओल्या जमिनीवर किंवा एकदा सापळ्यातून निसटलेल्या सावध जनावरासाठी गमबूटच घ्यावेत. लांब डोंगरी फेरी असेल, तर चामडी बूट घालून चालावे आणि सापळ्याजवळ गमबूट चढवावेत.