उमियुकी : जेरो यांच्या गळ्यातला एन्का

हे गाणे मी प्रथम ऐकले तेव्हा समोर केवळ आवाज होता, आणि गायक जपानी बंदरगावात वाढलेला कुणी असणार, असे मी मनोमन ठरवून टाकले. छायाचित्र पाहिले तर बेसबॉलची टोपी आणि सैल कपडे घातलेला कृष्णवर्णीय तरुण! जेरो यांचा जन्म 1981 मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे झाला आणि एन्का, म्हणजे विरह-दुःखाची जपानी लोकप्रिय गीते गाण्याचा जुन्या वळणाचा प्रकार, त्यांना लाभला तो योकोहामाहून तेथे आलेल्या आजीकडून.

फेब्रुवारी 2008 मध्ये निघालेली 'उमियुकी' ही त्यांची पहिली तबकडी. शब्द यासुशी आकिमोतो यांचे, चाल र्‍यूदो उझाकी यांची. प्रियकर दुरावलेली एक स्त्री निइगाताजवळच्या इझुमोझाकीच्या किनाऱ्यावर उभी आहे आणि समुद्रावर पडणारा बर्फ पाण्याला टेकताच विरून जातो आहे, एवढाच प्रसंग. एन्काच्या अनेक चाली ज्या पाच स्वरांत बांधलेल्या असतात, त्या स्वरांची ओळख मराठी श्रोत्याला चटकन पटेल, कारण शिवरंजनी रागातला धैवत कोमल केला की नेमके तेच स्वर हाती येतात.

एन्काचा प्राण म्हणजे 'कोबुशी', आपल्या मुरकीच्या जवळ जाणारी गळ्याची जलद हरकत. जेरो ती प्रत्येक शब्दावर उधळत नाहीत. ओळ सरळ, जवळजवळ बोलल्यासारखी पुढे नेतात आणि अखेरचा स्वर लांबवताना त्याला हलकेच वळवून आंदोलन देतात, त्यामुळे दुःखाचे प्रदर्शन होत नाही. हा संयमच मला सर्वाधिक भावला. मधल्या वाद्यसंगीतावर ते हिप-हॉप पद्धतीने नाचतात, तेव्हा मात्र किनाऱ्यावरच्या त्या स्त्रीपासून लक्ष ढळते. म्हणून हे गाणे पाहण्याआधी ऐकावे.

एन्का गाणारे ते पहिले परदेशी नव्हेत. 1970 च्या दशकात भारतातून गेलेले सरबजीत सिंग चढ्ढा जपानमध्ये एन्का गात होते. मात्र 'उमियुकी' ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधील संगीतविक्रीच्या, यादीत थेट चौथ्या क्रमांकावर आली आणि त्याच वर्षअखेरीस जेरो कोहाकु उता गास्सेन या 31 डिसेंबरच्या रात्री होणाऱ्या जपानी दूरचित्रवाणीवरील प्रतिष्ठेच्या गायन-कार्यक्रमाच्या मंचावर पोहोचले. तेथे गाईन, असे वचन त्यांनी आजीला दिले होते. ते पुरे होण्याआधीच, 2005 मध्ये ती गेली. त्या रात्री त्यांच्या अंगावरच्या कपड्यावर तिचे चित्र होते.