छातीच्या गोळ्या : आठ महिने घेतल्यावर

माझी स्ट्रेस टेस्ट (चालवून हृदय तपासतात ती) म्हणजे बेळगावचा कपिलेश्वर पूल. शहापूरकडून चालत निघालो की निम्म्या चढावर छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं, जबडा ओढायचा. कठड्याला टेकून चार मिनिटं उभं राहिलं की जायचं. अँजिओग्राफीत हृदयाच्या एका नळीत ब्लॉक निघाला, पण गोळ्यांवर भागेल म्हणाले. बहुतेकांना आधी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी गोळी देतात; दम्यात ती श्वासाला त्रास देऊ शकते. मला मागावरच्या धुळीत जुना दमा, म्हणून ते टाळलं आणि अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू केलं. शिवाय कळ आली की जिभेखाली धरायची सॉर्बिट्रेट, खिशात ठेवायला. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी आहेच, त्यांचं काही सांगण्यासारखं नाही.

अम्लोडिपिन ही कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर. धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे धमन्या सैल राहतात आणि हृदयाला रक्त ढकलायला जोर कमी लागतो. पहिला आठवडा काहीच कळलं नाही. मला वाटलं, गोळीच डुप्लिकेट. पण तिची रक्तातली पातळी जमायलाच आठवडा लागतो. तिसऱ्या आठवड्यात पूल न थांबता चढलो. मग डोस १० केला आणि पाय सुजले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. शेजारच्यांनी किडनी गेली असं ठरवून टाकलं आणि स्वतःची लघवीची गोळी देऊ केली. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी वाढलेलं नाही. धमन्या उघडतात, शिरा तितक्या उघडत नाहीत, म्हणून पाणी घोट्यात झिरपतं. लघवीच्या गोळीनं ते फारसं हटत नाही. डोस परत ५ केला, सूज उतरली, आणि जोडीला मोनोनायट्रेट २० ही नायट्रेट जातीची गोळी दिली.

नायट्रेटचा मुख्य रोख शिरांवर. शिरा सैलावल्या की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि त्याचं ओझं उतरतं. पहिले चार दिवस डोक्यात माग चालू. चिठ्ठीवर सकाळी आठ आणि दुपारी तीन लिहिलेलं, पण मेडिकलवाल्यानं पाकिटावर १-०-१ (सकाळ-रात्र) मारलं आणि "दिनक्क एरडु" (कानडीत, दिवसाला दोन) म्हणून हातात दिलं. मीही आठ-आठ घेत बसलो. डोकेदुखी थांबली म्हणून खूश होतो. महिन्याभरात पुलावर पाटा परत आला.

डॉक्टर म्हणाले, "काका, तीन म्हणजे तीन." चोवीस तास नायट्रेट मिळत राहिलं की शरीर त्याला दाद देईनासं होतं, म्हणून रात्र मोकळी सोडायची. हे आधी कळलं होतं म्हणे डायनामाइटच्या कारखान्यांत. नायट्रोग्लिसरीन, म्हणजे नायट्रेटच, हाताळणाऱ्या कामगारांचं डोकं सोमवारी फुटायचं, आठवडाभरात सवय व्हायची, रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून. आल्फ्रेड नोबेलनं १८६७ मध्ये ज्या पदार्थापासून डायनामाइट केलं, तोच १८७९ मध्ये विल्यम मुरेल या लंडनच्या डॉक्टरानं छातीच्या कळेवर वापरून दाखवला. नोबेललाही अखेरीस डॉक्टरांनी तोच घ्यायला सांगितला होता! वेळ सुधारली आणि दहा दिवसांत माझा पूल सुटला.

सॉर्बिट्रेट हेही नायट्रेटच, पण जिभेखाली ठेवलं की काही मिनिटांत काम करतं. कळ आली असता अम्लोडिपिनची जादा गोळी गिळून उपयोग नाही. मात्र सॉर्बिट्रेट बसून घ्यावं. मी गणपत गल्लीत भाजी घेताना उभ्यानंच ठेवली. कळ गेली, पण डोळ्यांपुढे अंधारी आली. भाजीवाल्या मावशींनी ओढून कांद्याच्या पोत्यावर बसवलं, कोथिंबिरीवर शिंपडायचं पाणी तोंडावर मारलं आणि वर "जेवून येत नाहीस काय रे?" म्हणून झापलं. पाच मिनिटांत उतार नसेल तर मात्र १०८, घरगुती उपाय नाहीत.

आणखी एक, जे लाजेपोटी कुणी विचारत नाही. नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिलसारखी "ताकदीची" गोळी अजिबात नको, बीपी जिवावर बेतण्याइतकं खाली जातं. अम्लोडिपिनला इतकी कडक मनाई नाही, पण तिथंही विचारूनच.

सध्या अम्लोडिपिन रात्री, मोनोनायट्रेट आठ आणि तीनला. तीनचा गजर नातीनं फोनवर लावून दिलाय. सॉर्बिट्रेटच्या पट्टीतल्या सात गोळ्या तशाच आहेत. तारीख मार्चपर्यंतची, मग न वापरताच टाकून नवी पट्टी आणायची.